भरतीचा हिशोब मांडणारे लॉरेंट्झ

१३ आणि १४ जानेवारी १९१६ रोजी उत्तर समुद्रावरच्या वादळाने नेदरलँड्समधल्या झायडरझीचे बांध ठिकठिकाणी फोडले. झायडरझी म्हणजे देशाच्या पोटात खोलवर शिरलेला उथळ समुद्र. त्याच्या काठची शेती आणि गावे मातीच्या बांधांच्या भरवशावर होती, कोकणात खाडीकाठची खारजमीन असते तशी. मार्केन या लहानशा बेटावर १६ माणसे दगावली. झायडरझीचे तोंडच बांधून टाकावे, अशी योजना अभियंते कॉर्नेलिस लेली यांनी १८९१ मध्येच मांडली होती. ती बरीच वर्षे रेंगाळली. या पुरानंतर मात्र, लेली स्वतः मंत्री असताना, १९१८ मध्ये तिचा कायदा झाला.

बांध सुमारे ३२ किलोमीटरचा होणार होता. त्याच्या आतले लोक सुरक्षित होणार, हे उघडच होते. प्रश्न बाहेरच्यांचा होता. बांधाच्या उत्तरेला वाडन समुद्र आणि फ्रीसलंडचा किनारा. तिथले बांध जुन्या भरतीच्या मापाने बांधलेले. नवा बांध झाल्यावर तिथे पाणी किती चढेल? आतली जागाच बंद झाली तर पाणी कमी येईल आणि भरतीही मंदावेल, असे सहज वाटते. पण उलटेही घडू शकत होते. पूर्वी दक्षिणेला पसरून उथळ पाण्यात जिरणारी भरतीची लाट आता बांधावर आपटून परत फिरणार होती, आणि येणारी व परतणारी लाट एकमेकींत मिसळल्या की पाणी अधिक उंच चढते. अभियंत्यांत एकमत नव्हते. अंदाज चुकला असता, तर एका किनाऱ्याच्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याने मोजली असती.

सरकारने यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद हेंड्रिक आंटोन लॉरेंट्झ यांच्याकडे दिले. निवड चकित करणारी होती. १८ जुलै १८५३ रोजी आर्नहेममध्ये जन्मलेले लॉरेंट्झ वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. १९०२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना पीटर झेमान यांच्यासह मिळाले. सापेक्षता सिद्धांतातली लॉरेंट्झ रूपांतरणे त्यांच्याच नावाची. आइनस्टाइन त्यांना वडीलधाऱ्याचा मान देत. १९१२ पासून ते हारलेमला राहत आणि दर सोमवारी सकाळी लायडनला येऊन व्याख्यान देत. वय ६५. अशा माणसाने समितीचे अध्यक्षपद नावापुरते मिरवले असते तरी कुणी काही म्हटले नसते. लॉरेंट्झ यांनी पुढची आठ वर्षे या कामात घातली. आकडेमोडीचा आणि अहवाल लिहिण्याचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला.

अडचण होती ती घर्षणाची. उथळ समुद्रात वाहते पाणी तळाशी घासते आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. समीकरणात असा वर्ग आला की हाताने ते सोडवणे जवळपास अशक्य होई, आणि संगणक तर नव्हतेच. लॉरेंट्झ यांनी त्यावर सुटसुटीत तोड काढली. खऱ्या घर्षणाच्या जागी त्यांनी वेगाच्या सरळ प्रमाणात वाढणारे घर्षण धरले. अट एवढीच, की भरती-ओहोटीच्या एका पूर्ण आवर्तनात दोन्ही घर्षणांत खर्च होणारी ऊर्जा सारखी असावी. आता समीकरण सुटत होते. मात्र हे घर्षण ठरवायला वेग आधी माहीत हवा, आणि वेग तर शोधायचाच होता. म्हणून आधी वेगाचा अंदाज धरायचा, उत्तर काढायचे, जुळले नाही तर अंदाज सुधारून पुन्हा मांडणी करायची.

समुद्राचा तळ काही सपाट परात नव्हे. वाडन समुद्रात वाळूच्या पट्ट्यांमधून खोल प्रवाहमार्ग जातात. समितीने त्यांना एकमेकांना जोडलेल्या कालव्यांच्या जाळ्यासारखे मानले आणि प्रत्येक कालव्यातल्या पाण्याचा हिशोब केला. पद्धत विश्वासार्ह आहे का, हे पाहायला आधी तेव्हाची खरी भरती त्यातून काढून मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. ती जुळल्यावरच नकाशावर बांध घातला. वादळी वाऱ्याने पाणी किती ढकलले जाईल, याचा हिशोब वेगळा करावा लागला. या किचकट कामात योहानेस थेइसे हे तरुण अभियंते त्यांच्या हाताशी होते.

अहवाल १९२६ मध्ये आला. बांधाबाहेर भरती वाढेल, वादळी पाणीही अधिक चढेल आणि फ्रीसलंडच्या किनाऱ्यावरचे बांध उंच करावे लागतील, असे उत्तर निघाले. ते खर्चिक होते, पण आधी कळले होते, हे महत्त्वाचे. समितीच्या सल्ल्याने बांधाचे फ्रीसलंडकडचे टोकही हलले. मूळ आराखड्यात ते पियाम गावाजवळ होते, ते उत्तरेला झुरिख इथे नेले. (हे स्वित्झर्लंडमधले नव्हे, त्याच नावाचे छोटे डच खेडे.)

लॉरेंट्झ ४ फेब्रुवारी १९२८ रोजी वारले. अंत्यविधीच्या दिवशी दुपारी देशभरातली तारसेवा तीन मिनिटे बंद ठेवण्यात आली होती. आइनस्टाइन आणि रदरफर्ड अंत्यविधीला हजर होते. बांधाचे शेवटचे तोंड २८ मे १९३२ रोजी मिटले. त्यानंतर भरतीची मापे घेतली गेली, तेव्हा ती लॉरेंट्झ यांच्या हिशोबाशी चांगली जुळली.

थेइसे पुढे डेल्फ्टला प्राध्यापक झाले आणि तिथल्या जलप्रवाह प्रयोगशाळेची उभारणी त्यांनी केली. घर्षण सरळ करून घेण्याची लॉरेंट्झ यांची युक्ती किनारा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते. बांधाला कोर्नवेर्डरझंड इथे, फ्रीसलंडच्या बाजूला, पाणी सोडणारी दारे आहेत. त्यांनाही लॉरेंट्झ यांचेच नाव आहे.