वालचंद हिराचंद : परकीय मक्तेदारीला भिडलेला वादळी उद्योजक

बुलडाणा : सन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव रेल्वेमार्गाचे उद्घाटन केले आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. मात्र शेतकऱ्याच्या घामाचे हे पांढरे सोने बंदराबाहेर पडताच परदेशी जहाजांच्या स्वाधीन होई. भाडे तेच ठरवीत आणि नफाही तेच नेत. या मक्तेदारीला आव्हान देणारा मराठी मुलखातील धाडसी पुरुष म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. त्यांचे कर्तृत्व जेवढे मोठे, तेवढेच त्यांच्याभोवतीचे वादही मोठे होते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलोपार्जित पेढीत त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाच्या भागीदारीत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली आणि त्यातून भांडवल उभे केले.

‘लॉयल्टी’चे धाडस

ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस असल्याचे कळताच नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी ते विकत घेतले. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली व ५ एप्रिल रोजी हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन ठरला. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ‘लॉयल्टी’ तोट्याचीच ठरली आणि अवघ्या चार वर्षांत ती मोडीत निघाली.

तिकडे ब्रिटिश कंपन्यांनी मालभाडे निम्म्याहून खाली आणले. केवळ आपल्याच जहाजांतून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या मागाहून भाड्यात सूट देत. एकदा जरी दुसऱ्याचे जहाज वापरले तरी साचलेली सूट बुडे. या कोंडीत सापडलेल्या सिंदियाने अखेर १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्याशी १० वर्षांचा करार केला. कंपनी वाचली, परंतु परदेशी मार्ग व प्रवासी वाहतूक तिला वर्ज्य झाली आणि जहाजांच्या एकूण टनभारावर ७५ हजारांची मर्यादा आली. स्वदेशीचा झेंडा लावून निघालेल्या कंपनीने शत्रूशी तह केला, अशी टीका यामुळे ओढवली. दुसरीकडे, हा तह नसता तर त्यापूर्वीच्या अनेक देशी कंपन्यांप्रमाणे सिंदियाही बुडाली असती, हेही नाकारता येत नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर कंपनीची धुरा वालचंदांकडे आली.

राष्ट्रवाद की नफा?

काँग्रेसशी त्यांचे संबंध निकटचे, तरी आज्ञाधारक नव्हते. १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या समाजवादी भूमिकेविरुद्ध मुंबईच्या २१ उद्योगपतींनी काढलेल्या पत्रकावर त्यांची सही होती. त्याबद्दल घनश्यामदास बिर्ला यांनीच त्यांना पत्र लिहून कानउघाडणी केली. साखर कारखान्यांसाठी त्यांनी वालचंदनगर व रावळगाव येथे विस्तीर्ण ऊसमळे उभारले. कारखान्यांच्या ताब्यातील अशा जमिनींचा प्रश्न त्यांच्या पश्चातही गाजला व कमाल जमीनधारणा कायद्याने त्या पुढे शासनाकडे गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कामाचा वेग थक्क करणारा होता. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीतील ‘जलउषा’ या पहिल्या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्याच हस्ते झाले. पुढे या गोदीतही सरकारचा वाटा मुख्य झाला. सरकारशी झगडणारा हा उद्योजक सरकारच्या पाठबळावरच उभा आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांना या घटनाक्रमाने मुद्दा मिळाला, तर त्यांनी रोवलेली रोपे राष्ट्राने जोपासली, असे म्हणणाऱ्यांनाही तो मिळाला.

प्रकृती ढासळल्याने १९५० मध्ये ते सिंदियाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सिंदियाची जहाजे काळाच्या ओघात नाहीशी झाली; बंगळूरचा विमान कारखाना व विशाखापट्टणमची गोदी मात्र आजही चालू आहेत. माल पिकविणाऱ्या देशाने तो वाहून नेण्याचे साधनही स्वतःच्या हाती ठेवले पाहिजे, हा वालचंदांचा आग्रह कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला तरी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.