एडमंड हॅले व त्याचा धूमकेतु

शेंडेनक्षत्र दिसलें कीं राजा मरतो, साथ येते, दुष्काळ पडतो, अशी समजूत पूर्वीं बहुतेक सर्व देशांत होती. सूर्य, चंद्र व ग्रह आपापल्या वेळीं उगवतात. धूमकेतु मात्र केव्हां येईल ह्याचा नेम नसे, आणि ज्याचा नेम नाहीं त्याचें भय अधिक. तो नेम ज्यानें शोधून काढिला त्या एडमंड हॅले ह्याचें हें अल्प चरित्र आहे.

हॅलेचा जन्म इ. स. १६५६ मध्यें लंडननजीक झाला. वडील साबणाच्या धंद्यांत श्रीमंत झाले होते. मुलाला आकाश पाहण्याचा नाद लागला तेव्हां यंत्रांसाठीं त्यांनीं पैसा कमी पडूं दिला नाहीं. ऑक्सफर्डचें शिक्षण अर्धवट सोडून हॅले सेंट हेलेना बेटावर गेला, व दक्षिणेकडील ३४१ ताऱ्यांचीं स्थानें मोजून परत आला.

१६८४ मध्यें तो केंब्रिज येथें न्यूटनला भेटला. अंतर दुप्पट झाल्यास सूर्याचें आकर्षण चतुर्थांश होत असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल, असें त्यानें विचारिलें. दीर्घवर्तुळ, हें उत्तर न्यूटनपाशीं तयार होतें. पण गणिताचा कागद सांपडेना! हॅलेनें पिच्छा पुरविला, आणि त्यांतून ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ निर्माण झाला. १६८७ मध्यें तो हॅलेनेंच पदरच्या पैशानें छापविला. कारण रॉयल सोसायटीचा पैसा माशांवरील एका न खपणाऱ्या पुस्तकांत अडकला होता. पुढें पगाराबद्दलहि त्याला त्याच पुस्तकाच्या प्रती मिळाल्या. दुसऱ्याच्या कीर्तीसाठीं इतकें सोसणारे विद्वान थोडेच.

न्यूटनच्या रीतीनें हॅलेनें चोवीस धूमकेतूंचे मार्ग गणिले. त्यांपैकीं १५३१, १६०७ व १६८२ ह्या सालच्या तिघांचे मार्ग जवळजवळ एकच निघाले. शेवटचा तर त्यानें स्वतः पाहिला होता. हे तीन नसून एकच धूमकेतु असावा, व तो लांबट दीर्घवर्तुळांत सुमारें ७६ वर्षांनीं सूर्याभोंवतीं एक फेरी करीत असावा, असें त्यानें ताडिलें. फेऱ्यांच्या काळांत वर्षभराहून अधिक फरक पडत होता, तो गुरूच्या ओढीमुळें, असेंहि त्यानें ओळखिलें. १७०५ मध्यें हें गणित प्रसिद्ध करून, धूमकेतु १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल असें त्यानें भाकीत केलें.

त्या वेळीं हॅले ४९ वर्षांचा होता. भाकिताची प्रचीति पाहण्यास त्याला १०२ वर्षें जगावें लागलें असतें. भाकीत चुकलें असतें तर बाजू मांडावयास तो उरणार नव्हता, व हें त्यास ठाऊक होतें. तरी मोठीं कामें हातीं घेण्याचें त्यानें सोडिलें नाहीं. ६४ व्या वर्षीं राजज्योतिषी झाल्यावर, पुरें होण्यास १८ वर्षें लागतील असें चंद्राचें वेध घेण्याचें काम त्यानें आरंभिलें, व तें शेवटास नेलें. १७४२ च्या जानेवारींत तो वारला.

१७५८ साल संपत आलें, तरी धूमकेतूचा पत्ता नव्हता. फ्रान्समध्यें क्लेरो, लालांद व मादाम लपोत ह्यांनीं कित्येक महिने आंकडेमोड करून, गुरु व शनि ह्यांच्या ओढीमुळें त्यास उशीर होईल असें जाहीर केलें. अखेर २५ डिसेंबर १७५८ रोजीं, नाताळच्या रात्रीं, जर्मनींतील ड्रेस्डेनजवळच्या पालित्श नांवाच्या एका शेतकऱ्याला तो आपल्या दुर्बिणींतून दिसला. १३ मार्च १७५९ रोजीं तो सूर्याच्या अगदीं जवळ आला, आणि तेव्हांपासून हॅलेच्या नांवानें ओळखला जाऊं लागला.

पुढें तो १८३५, १९१० व १९८६ ह्या सालीं येऊन गेला. १९८६ मध्यें तो फार फिकट दिसल्यानें पुष्कळांची निराशा झाली. ह्यापुढें २०६१ च्या जुलै महिन्यांत तो सूर्यापाशीं येईल. आज शाळेंत असलेलीं मुलें तेव्हां पन्नाशीच्या आसपास असतील. मात्र ते दिवस आपल्याकडे पावसाळ्याचे असल्यामुळें ढगांतून फट मिळण्याची वाट पाहावी लागेल.