केशिराजबास आणि सूत्रांचा अर्थनिश्चय

केशिराजबास हे श्रीनागदेवाचार्यांचे शिष्य व संस्कृत शास्त्रांत निष्णात असे पंडित होते. त्यांचे ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतातच आहे. पुढील निरूपणही त्याच भाषेत करावे, असा मानस त्यांनी आचार्यांपाशी प्रकट केला. आचार्यांनी त्यास संमती दिली नाही. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता ‘स्मृतिस्थळा’त नोंदली आहे. केशिराजबासांनी आज्ञा शिरोधार्य मानली व आपले पांडित्य मराठीच्या सेवेस लाविले.

आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात श्रीचक्रधरस्वामींचे वचन स्थळ, प्रसंग व श्रोता यांसह येते. केशिराजबासांनी त्यातील वचने निवडून विचार, आचार इत्यादी प्रकरणांत लाविली. तोच ‘सूत्रपाठ’ होय. त्यायोगे पाठांतर सुलभ झाले. परंतु वचन प्रसंगापासून सुटे झाले, आणि सुटे वाक्य पुष्कळदा दोन अर्थ देते.

‘देवाचे स्मरण’ एवढेच शब्द घ्यावेत. येथे देव स्मरण करणारा, की ज्याचे स्मरण करावयाचे तो? षष्ठी एकच, कर्ता मानल्यास एक अर्थ, कर्म मानल्यास दुसरा. व्याकरण दोन्ही वाटा दाखविते. कोणती धरावी, हे वचन कोणास व कशासाठी सांगितले यावरून ठरते. आचारसूत्राचा अर्थ चुकला तर साधकाचे आचरणच चुकते. म्हणून हा निवाडा केवळ पंडितांचा विषय नव्हे.

केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत एकत्र केले. सूत्र व दृष्टांत स्वामींचे. दृष्टांत सिद्धांतास कोठे लागतो हे सांगणारे दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. जन्मांधांनी हत्तीचा एकेक अवयव चाचपून तोच हत्ती मानला, हा दृष्टांत त्यातीलच. एकाच पदास धरून सूत्राचा अर्थ करणाऱ्याचीही गत तीच होते.

हे कार्य शिष्यपरंपरेने पुढे नेले. ‘प्रकरणवशा’ने सूत्रांचे मूळ प्रसंग दाखविले. भीष्माचार्यांनी सूत्रार्थाच्या निमित्ताने ‘पंचवार्तिक’ रचले. मराठीतील आद्य व्याकरणग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. संस्कृत व्याकरणाची शिस्त मराठी वचनास लावण्याची ही वाट वृद्ध स्त्रियांसाठी मान्य केलेल्या एका आज्ञेतून निघाली. सूत्र वाचताना पद, विभक्ती व प्रकरण ही तिन्ही पाहणे, हेच त्या आज्ञेचे पालन होय.