‘अभिजात’ कशास म्हणावे? : योहान व्हिंकेलमान यांचे जीवन आणि विचार

प्रास्ताविक



‘अभिजात’ हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. अभिजात संगीत, अभिजात नाटक, अभिजात वाङ्मय असे शब्दप्रयोग आपण नेहमी करतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तर हा शब्द घरोघरी पोचला. परंतु सर्व ठिकाणी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. भाषेच्या बाबतीत प्राचीनता आणि प्राचीन वाङ्मयाचा वारसा यांना महत्त्व असते. कला आणि वास्तुकला यांच्या चर्चेत मात्र तो ‘क्लासिकल’ या शब्दाचा पर्याय म्हणून येतो आणि तेथे त्याचे निदान तीन अर्थ संभवतात. पहिला अर्थ, प्राचीन ग्रीस व रोम येथील एकूण कला. दुसरा, ग्रीक कलेच्या वाटचालीतील इ. स. पू. पाचव्या व चौथ्या शतकांचा टप्पा. तिसरा, कोणत्याही काळातील सर्वोत्तम आणि अनुकरणीय कृती. पहिले दोन अर्थ स्थळकाळ सांगतात. तिसरा मूल्यनिर्णय देतो.

हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले कसे, हे समजून घेण्यासाठी योहान योआखिम व्हिंकेलमान या जर्मन अभ्यासकाचे जीवन पाहणे उपयुक्त ठरते. कलेच्या इतिहासाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

जडणघडण

व्हिंकेलमान यांचा जन्म ९ डिसेंबर १७१७ रोजी प्रशियातील श्टेंडाल या लहान गावी झाला. वडील चांभारकाम करीत. घरची परिस्थिती अत्यंत बेताची होती. ‘क्लासिकल’ या शब्दाचे मूळ लॅटिन रूप प्राचीन रोममधील सर्वांत धनिक नागरिकवर्गाचे निदर्शक होते आणि ‘अभिजात’ म्हणजे उत्तम कुळात जन्मलेला, हे येथे ध्यानात घ्या. दोन्ही शब्द मुळात माणसाची सामाजिक पायरी सांगणारे. ज्याने या संकल्पनेला आधुनिक अर्थ दिला, तो मात्र त्या पायरीच्या फार खालून वर आला होता.

हाले येथे त्यांनी धर्मशास्त्राचे आणि येना येथे काही काळ वैद्यकाचे शिक्षण घेतले. पण त्यांचे मन ग्रीक वाङ्मयात रमलेले होते. १७४३ ते १७४८ या काळात ते झेहाउझेन या गावी शाळामास्तर होते. दिवसा मुलांना शिकवायचे आणि रात्री होमर, सोफोक्लीझ, हेरोडोटस यांचे ग्रंथ वाचायचे, असा त्यांचा क्रम होता. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्यामुळे ते उताऱ्यांच्या वह्या भरून ठेवीत. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या वह्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढील सर्व ग्रंथलेखनाचे भांडवल त्यांतच साठत गेले.

१७४८ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या न्योटनित्स येथे काउंट ब्यूनाऊ यांच्या समृद्ध खाजगी ग्रंथालयात त्यांना काम मिळाले. ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात प्राचीन मूर्ती होत्या, पण त्या नीट मांडलेल्या नसल्याने त्यांचे निरीक्षण करणे कठीण होते. अशा स्थितीत, फारच थोड्या मूळ प्राचीन शिल्पांच्या परिचयावर त्यांनी १७५५ मध्ये ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणाविषयीची आपली प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. त्या काळी युरोपीय दरबारांत बरोक आणि रोकोको शैलींचा बोलबाला होता. वळणावळणांची सजावट, भावनांचे उधाण आणि डोळे दिपवणारा थाट ही त्यांची लक्षणे. व्हिंकेलमान यांनी त्यांच्यासमोर ग्रीकांचा आदर्श ठेवला. साधेपणातून प्रकटणारी थोरवी आणि क्षोभाच्या तळाशी असलेली शांती, हे त्यांच्या मते ग्रीक कलेचे मर्म होते.

यासाठी त्यांनी लाओकून या शिल्पसमूहाचे उदाहरण दिले. ट्रॉय नगरीतील एक पुरोहित आणि त्याचे दोन मुलगे यांना सर्प विळखा घालून ठार करीत आहेत, असा त्याचा विषय आहे. शरीराचा प्रत्येक स्नायू वेदनेने ताणलेला असूनही पुरोहिताचे तोंड किंकाळीसाठी पूर्ण उघडलेले नाही. व्हिंकेलमान यांना त्यात आत्म्याचा संयम दिसला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी पुढची घटना लक्षात ठेवावी. १७६६ मध्ये लेसिंग या समीक्षकाने या अर्थाला आव्हान दिले. लेसिंगच्या मते त्या मूर्तीचा संयम हा माध्यमाचा परिणाम आहे. कवितेतील नायक आक्रोश करू शकतो, परंतु दगडात कायमचे उघडे राहिलेले तोंड विद्रूप दिसेल. काव्य आणि दृश्यकला यांच्या मर्यादांची आधुनिक चर्चा या वादातून बहराला आली.

रोममधील वास्तव्य

प्राचीन शिल्पे पाहायची तर रोमला जाणे आवश्यक होते. तेथे आश्रय मिळावा म्हणून प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मलेल्या व्हिंकेलमान यांनी १७५४ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. या पंथांतराबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १७५५ च्या अखेरीस ते रोमला पोचले. चित्रकार मेंग्स यांची मैत्री त्यांना लाभली आणि पुढे कार्डिनल अल्बानी यांच्या ग्रंथालयाची व शिल्पसंग्रहाची जबाबदारी मिळाली. १७६३ मध्ये पोपच्या राज्यातील पुरावस्तूंचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली.

नेपल्सजवळ हर्क्युलेनियम येथे १७३८ पासून आणि पाँपेई येथे १७४८ पासून उत्खनन सुरू होते. ही स्थळे पाहून त्यांनी तेथील निष्काळजी कारभारावर १७६२ मध्ये जाहीर पत्र लिहिले. नेपल्सच्या दरबाराची त्यामुळे नाराजी ओढवली. मात्र प्राचीन वस्तू म्हणजे राजाच्या दालनाची शोभा नसून ज्ञानाचे साधन आहे, ही दृष्टी त्या पत्रातून पुढे आली.

इतिहास की आदर्श?

१७६४ मध्ये ड्रेस्डेन येथून त्यांचा प्राचीन कलेच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी कलेचा इतिहास म्हणजे बहुधा कलावंतांची चरित्रे असत. व्हिंकेलमान यांनी शैलीला केंद्रस्थानी आणले. ग्रीक कलेच्या त्यांनी चार अवस्था मांडल्या : आरंभीची ताठर शैली, फिडियसच्या काळातील भव्य शैली, प्राक्सितेलीझपासूनची सुंदर शैली आणि अखेरची अनुकरणाची व ऱ्हासाची अवस्था. लेखी पुरावा नसलेल्या मूर्तीचा काळही तिच्या घडणीवरून ठरवता येतो, हा विचार यातून रुजला. ज्याला आपण आज ‘अभिजात काळ’ म्हणतो, तो मधल्या दोन अवस्थांशी बराचसा जुळतो. ते नाव मात्र नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केले.

या ग्रंथातील अंतर्विरोध नीट समजून घ्या, कारण आपल्या विषयाचा गाभा तेथेच आहे. ग्रीक कला श्रेष्ठ का झाली? व्हिंकेलमान यांचे उत्तर असे की, ग्रीसचे हवामान, तेथील समाजरचना आणि राजकीय स्वातंत्र्य यांतून ती उमलली. हे उत्तर इतिहासकाराचे आहे. पण कला जर आपल्या भूमीतून आणि काळातून उगवत असेल, तर तिचे अनुकरण दुसऱ्या भूमीत, दुसऱ्या काळात कसे करता येईल? आणि तरीही श्रेष्ठत्व गाठायचे तर ग्रीकांचेच अनुकरण करावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे एकाच लेखकाने ‘अभिजात’ला इतिहासातील एक टप्पाही ठरवले आणि सर्व काळांचे मापही ठरवले.

वास्तुकलेचा प्रश्न

वास्तुकलेत हाच पेच अधिक ठळकपणे दिसतो. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियसचा ग्रंथ आणि रोममधील अवशेष यांवरून युरोपने शतकानुशतके स्तंभांची प्रमाणे ठरवली होती. १७५८ मध्ये व्हिंकेलमान यांनी दक्षिण इटलीतील पेस्टम येथील ग्रीक मंदिरे पाहिली. तेथील डोरिक स्तंभ ठेंगणे, जाड आणि तळखड्याविना थेट चौथऱ्यावर उभे आहेत. रोमन नमुन्यांना सरावलेल्या नजरेला ते ओबडधोबड वाटत. व्हिंकेलमान यांनी त्यांची गंभीरपणे दखल घेतली आणि १७६२ च्या प्राचीन वास्तुकलेवरील पुस्तकात इमारतीचे आवश्यक घटक व तिची सजावट यांत भेद केला. त्याच सुमारास पिरानेसी हा इटालियन कलावंत ग्रीकांपेक्षा रोमनांचे श्रेष्ठत्व हिरिरीने मांडत होता. ‘अभिजात वास्तुकला’ हा एकसंध नियमसंच नाही, हे त्या वादानेच दाखवून दिले.

पुढे ग्रीक डोरिक शैली युरोपभर आणि युरोपीय वसाहतींतही पसरली. मुंबईच्या फोर्ट भागात १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजेच आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेली इमारत, डोरिक स्तंभांनी सजलेली आहे, ती याच लाटेतून.

मर्यादा

व्हिंकेलमान यांनी ग्रीसची भूमी कधीच पाहिली नाही. प्रवासाच्या संधी चालून आल्या, पण त्यांनी त्या टाळल्या किंवा लांबणीवर टाकल्या. रोममध्ये त्यांनी ज्या मूर्ती पाहिल्या, त्यांतील बहुसंख्य रोमन काळातील प्रतिकृती होत्या. त्यांना अत्यंत प्रिय असलेली व्हॅटिकनमधील अपोलोची मूर्तीही सामान्यतः प्रतिकृतीच मानली जाते. १८१६ मध्ये पार्थेनॉनची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आली, तेव्हा मूळ ग्रीक काम किती निराळे आहे हे अनेकांच्या ध्यानात आले. रंगाचीही गोष्ट तशीच. पांढऱ्या संगमरवराचे शुद्ध सौंदर्य हा त्यांच्या दृष्टीचा आधार होता. परंतु ग्रीक मूर्ती आणि मंदिरे रंगवलेली असत, हे एकोणिसाव्या शतकातील संशोधनाने स्पष्ट केले. मूळचा रंग पुसून गेल्यावर उरलेला पांढरेपणा पुढील पिढ्यांना आदर्श वाटला.

या चुका केवळ पंडितांच्या नव्हत्या. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात विद्यार्थी ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकत. त्याच मापाने अनेक युरोपीय अभ्यासकांनी बहुभुज, बहुमुखी भारतीय देवमूर्तींना विरूप ठरवले. एका परंपरेचे वर्णन सर्व परंपरांचा निकष झाले की काय घडते, याचे हे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे.

अखेर

१७६८ च्या वसंतात व्हिंकेलमान शिल्पकार काव्हाचेप्पी यांच्यासह मायदेशी निघाले. आल्प्स ओलांडताच त्यांना विलक्षण उदासीनतेने घेरले आणि त्यांनी परतण्याचा निश्चय केला. व्हिएन्नामध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी त्यांचा सन्मान करून पदके दिली. परतीच्या वाटेवर, त्रिएस्ते येथील खाणावळीत जहाजाची वाट पाहत असताना, शेजारच्या खोलीत उतरलेल्या आर्कांजेली नावाच्या इसमाने ८ जून रोजी त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

समारोप

व्हिंकेलमान यांचे कित्येक निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. त्यांची पद्धत टिकली आहे. वस्तू समक्ष पाहावी, तिची शैली ओळखावी, ती कोणत्या समाजातून आली हे विचारावे, ही शिकवण त्यांचीच. त्यांच्या मूर्ती प्रतिकृती होत्या हे सिद्ध झाले, तेही याच मार्गाने. म्हणून यापुढे कोणी एखाद्या शिल्पाला, इमारतीला किंवा ग्रंथाला ‘अभिजात’ म्हटले, तर प्रथम विचारा : हे स्थळकाळाचे वर्णन आहे की श्रेष्ठत्वाचा निर्णय? आणि निर्णय असेल, तर तो कोणी, कोणत्या पुराव्यावरून दिला?

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘अभिजात’ या संज्ञेचे तीन अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
२. व्हिंकेलमान यांच्या विचारातील इतिहास आणि अनुकरण यांमधील अंतर्विरोध तुमच्या शब्दांत मांडा.
३. तुमच्या परिसरातील एखादी स्तंभयुक्त इमारत पाहा. तिच्यातील आवश्यक घटक कोणते आणि सजावट कोणती, याची दहा ओळींत नोंद करा.