महादजी शिंदे आणि त्यांचा पखालजी

नागपूरकर भोसल्यांच्या गोष्टी खापा व आसपासच्या गावांतील वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्याच असतील. त्याच काळात मराठी राज्याचा उत्तरेकडील भार ज्यांनी वाहिला, त्या महादजी शिंद्यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे.

शिंदे हे सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे पाटील. महादजींचे वडील राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी साध्या चाकरीपासून सरदारकीस चढले. महादजींचा जन्म सुमारे १७३० साली झाला. वडील बंधू जयाप्पा १७५५ साली नागोर येथे मारले गेले आणि दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला, तेव्हा पुतणे जनकोजी हेही शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकले.

त्या दिवशी एका अफगाण स्वाराने महादजींचा दूरवर पाठलाग केला, पायावर जबर घाव घातला आणि अंगावरचा ऐवज लुटून त्यांना तसेच टाकून दिले. इतक्यात राणेखान नावाचा एक मुसलमान पखालजी त्या वाटेने आला. जो तो आपला जीव घेऊन पळत असता ह्या गरिबाने जखमी सरदारास उचलले, पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. महादजी वाचले, परंतु तो पाय जन्माचा अधू झाला.

पुढची वाटही सोपी नव्हती. महादजी राणोजींचे औरस पुत्र नव्हते, म्हणून वारशाचा तंटा काही वर्षे चालला. सुमारे १७६८ साली सरदारकी त्यांजकडे आली. त्यानंतर तलवारीइतकाच त्यांनी सलोख्याचा व धीराचा उपयोग केला. इंग्रजांच्या आश्रयास राहिलेल्या शहा आलम बादशहास मराठ्यांनी १७७२ साली दिल्लीच्या तख्तावर परत आणले, त्यात महादजी अग्रभागी होते. इंग्रज व पेशवे यांजमधील युद्ध १७८२ साली सालबाईच्या तहाने मिटले, तेव्हा ते मध्यस्थ व जामीन झाले. १७८४ साली बादशाहीचा सर्व कारभार त्यांच्या हाती आला. तरीही ते स्वतःस पाटीलच म्हणवीत.

आणि राणेखान? त्यास काही नाणी देऊन वाटेस लावणे सोपे होते. महादजींनी त्यास भाऊ मानले, फौजेत मोठा अधिकार दिला व आपल्या विश्वासातील सेनापती केले. १७८७ साली लालसोटच्या लढाईनंतर महादजींचे दिवस फिरले व पुष्कळांनी त्यांची बाजू सोडली. राणेखान सोबत राहिला. १७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीत शिरून वृद्ध बादशहाचे डोळे काढले. त्यास हाकलून दिल्ली सोडविणाऱ्या मराठी फौजेच्या अग्रभागी हा एके काळचा पखालजी होता.

महादजी निर्दोष होते असे नाही. पकडलेल्या गुलाम कादिरास पुढे हालहाल करून मारण्यात आले. तो डाग त्यांच्या कारभारावर राहिलाच. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचा अंत झाला. तेथे त्यांची छत्री आहे.

वाचकहो, संकटात पाठीवर घेणारा माणूस पुष्कळदा आपल्याहून गरीब किंवा परक्या जातीधर्माचा असतो. पुढे आपण पंच होतो, मास्तर होतो, चार लोकांत मान मिळतो. मग तोच माणूस दारी आला, तर आपण त्यास अंगणातूनच परत पाठवितो काय? महादजींनी दिल्लीच्या वैभवातही त्यास चारचौघांत भाऊ म्हटले. त्यांच्या सर्व विजयांमध्ये हा विजय आपल्या खेड्यातील कोणासही साधण्याजोगा आहे.