जवारीचा जाणकार गवई : उस्ताद अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की रसिकांना आठवतो तो त्यांचा रेशमी, टोकदार स्वर. त्या स्वरामागची कानस मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः काढीत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे प्रवासातही जवळ बाळगीत.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेतील कैराना येथे त्यांचा जन्म झाला. घराणे सारंगियांचे व गवयांचे. त्यामुळे गळ्याबरोबर तारही लहानपणीच हाती आली. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकू लागली. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि संसार थाटला. पुढे कोल्हापुरात आपल्या केरी गावच्या केसरबाईंनाही वयाच्या आठव्या वर्षी पहिले धडे काही महिने खाँसाहेबांकडूनच मिळाले.

तंबोऱ्याच्या तबलीवरील घोडी दिसते सपाट, पण तिच्या पाठीला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासते आणि तिच्यातून भरगच्च गुंजारव उठतो. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तार केसभर उचलली, की नाद खुलतो. धागा जागचा हलला, की तोच नाद बसका होतो. आजचा बेस गिटारवादक घोडीवरचा बारीक स्क्रू फिरवून तारेची उंची बदलतो आणि चुकला तर उलटा फिरवतो. तंबोऱ्याला ही सवलत नाही. कानशीने एकदा खरवडलेले हाड परत येत नाही. म्हणून जवारी काढणाऱ्याचा हात कानाच्या आज्ञेत असावा लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास केला, तेव्हा तारेच्या ज्या बिंदूवर छेडल्यास काही स्वरांश उमटूच नयेत, तेथेही ते उमटतात असे त्यांना आढळले. गवयांचा कान हे वैभव पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता.

खाँसाहेब अखेर स्थिरावले ते मिरजेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. येथील शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रे सोडून सतारी व तंबोरे घडवायला घेतले होते. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींचे मोजमाप करीत होते. खाँसाहेबांनी त्या कामी आपला गळा व कान दिला. दाक्षिणात्य संगीतही त्यांनी आस्थेने अभ्यासले. असे मोकळे मन त्या काळच्या उस्तादांत विरळाच.

घरातली तार मात्र तुटली. १९२२च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकिना सरस्वतीबाई राणे झाली. मुलांच्या नावांत पित्याची खूण उरली नाही. हिराबाईंच्या स्वरलगावात ती स्पष्ट ऐकू येई, आणि जाणकार श्रोत्यांना त्यासाठी नाव विचारावे लागत नसे. इकडे सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम आणि पुढे गुरूंचे मराठी चरित्र लिहिणारे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी अशा शिष्यांनी त्यांची गायकी पुढे नेली.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगापेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले, तेथेच त्यांनी तंबोरा मागवला आणि ईश्वरस्मरण करीत गायले. पहाट व्हायच्या आत सारे संपले. पासष्ट वर्षे पूर्ण होण्यास पंधरवडा उरला होता. त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेथील उरुसात आजही गवई हजेरी लावतात. त्याच गावात घडणाऱ्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथील कारागीर अजूनही घोडीवर कानस फिरवताना मधेच थांबून तार छेडतात, ऐकतात आणि मगच पुढचा हात मारतात.