वाल्देमार हाफकिन

सातारा शहरापासून पश्चिमेकडे वेण्णा नदीच्या खोऱ्याने वर जाऊ लागले म्हणजे जावळीच्या डोंगरांच्या कुशीत मेढा हे गाव लागते. पाऊस तेथे उदंड पडतो. पण जमीन उताराची आणि शेतांचे तुकडे लहान. भात व नाचणी यांवर सबंध वर्षाचा निर्वाह होत नसे. म्हणून या खोऱ्यांतील, आणि एकंदर सातारा-सांगलीकडील कर्ती माणसे फार पूर्वीपासून मुंबईची वाट धरीत आली. कोणी गिरणीत साचावर उभा राही, कोणी गोदीत ओझी वाही. मुंबईहून मनिऑर्डर आली म्हणजे गावाकडील कितीतरी घरांचे देणे फिटे.

१८९६ साल संपत आले तेव्हा मुंबईहून मनिऑर्डरींऐवजी माणसेच परत येऊ लागली. डोक्यावर वळकटी, हातात ट्रंक आणि डोळ्यांत भीती. मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला होता. शहर सोडून निघालेल्यांची संख्या काही लाखांवर गेली. त्यांच्याबरोबर रोगही देशावर आला. पुढे कित्येक वर्षे सातारा जिल्ह्यातील गावांवर असा प्रसंग येई, की घरात उंदीर पडू लागले म्हणजे माणसांनी दारे ओढून घ्यावी आणि रानात झोपड्या घालून राहावे. पडणे म्हणजे येथे मरून पडणे. उंदरांमागून माणसांची पाळी येते, एवढे लोकांना अनुभवाने कळले होते. का येते, ते मात्र कोणासही ठाऊक नव्हते.

रोगाचे पहिले ठाणे मुंबईतील मांडवी हा भाग होता. तेथे धान्याच्या वखारी आणि त्यांना खेटून उंच, काळोखी घरे. मूळचे गोव्याचे डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी १८९६ च्या सप्टेंबरात तेथील रोगी तपासून हा प्लेग असल्याचे सांगितले, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. परंतु थोड्याच दिवसांत ते खरे ठरले. मुंबई त्या वेळी झपाट्याने वाढत होती. गिरण्यांचे मालक नवी धुराडी उभारीत होते. पण त्या धुराड्यांखाली राबणाऱ्या माणसांसाठी हवेशीर घरे, वाहती गटारे आणि स्वच्छ पाणी यांची तरतूद कोणी केली नव्हती. एकेका खोलीत आठ-दहा माणसे दाटीने राहत. चाळींच्या मधल्या घळीत खरकटे आणि मैला साचे. उंदरांना याहून सोयीचे नगर कोणते मिळणार? गिरणी-कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या खटपटीने कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती, ते १८९७ च्या फेब्रुवारीत याच रोगाने गेले. सातारा जिल्ह्यातील नायगावची कन्या सावित्रीबाई फुले पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करीत असता मार्चमध्ये निवर्तल्या.

सरकारने घरे धुऊन काढली, गटारांत औषधे ओतली, रोग्यांना बळाने इस्पितळात नेले. लोक अधिकच बिथरले आणि आजारी माणसांना लपवू लागले. अशा वेळी, ७ ऑक्टोबर १८९६ रोजी, छत्तीस वर्षांचा एक परदेशी संशोधक मुंबईत येऊन दाखल झाला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे झाला. आज हे शहर युक्रेन देशात आहे. त्या वेळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. त्यांचे घराणे ज्यू धर्माचे. झारच्या राज्यात ज्यूंचा फार छळ होई. विद्यार्थी असताना दंगलखोरांपासून आपल्या वस्तीचे रक्षण करताना हाफकिन जखमी झाले आणि वर त्यांनाच तुरुंगात जावे लागले. त्यांचे गुरू, थोर प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ, यांनी खटपट करून त्यांना सोडविले. पदवी मिळाली, डॉक्टरेट मिळाली. परंतु प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म सोडावा लागेल, असे त्यांना कळविण्यात आले. हाफकिन यांनी जागा सोडली, धर्म सोडला नाही. अखेर त्यांनी मायदेश सोडला. प्रथम जिनीव्हास आणि नंतर १८८९ मध्ये पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते गेले. तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाची होती. ती त्यांनी आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तकांची देवघेव आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत, असा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकीची साथ एका देशातून दुसऱ्या देशात जाई. पटकीच्या जंतूंपासूनच तिच्यावर लस करण्याचा उद्योग हाफकिन यांनी आरंभिला. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाल्यावर, १८ जुलै १८९२ रोजी, त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत झाले. पण निरोगी माणसास लस सोसली, एवढ्याने ती रोग टाळते असे सिद्ध होत नाही, हे हाफकिन जाणून होते. ते सिद्ध करावयाचे तर जेथे पटकी दरवर्षी माणसे नेते तेथेच जावयास हवे. म्हणून १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

कलकत्त्याच्या काट्टाल बागान या गरीब वस्तीत, दोन तळ्यांच्या काठी, पुढल्या वर्षी पटकी उद्भवली. बंगाली डॉक्टरांना सोबत घेऊन हाफकिन तेथे गेले. सुमारे दोनशे वस्तीपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर त्या वस्तीत जे आजारी पडले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. हाफकिन यांच्या कामाची ही रीतच होती. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या माणसांत, टोचलेले किती व न टोचलेले किती, त्यांपैकी आजारी किती आणि मेले किती, याचा हिशेब ते ठेवीत. लोकांचे मन वळविण्यास व्याख्यानांपेक्षा असे आकडे अधिक उपयोगी पडतात, हा त्यांचा अनुभव होता.

मुंबईत आल्यावर त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यालगतचा बोळ मिळाला. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु लशीसाठी तो विपुल प्रमाणात वाढविणे आवश्यक होते. मांसाच्या रश्श्यात तुपाचे थेंब सोडले असता जंतू त्या थेंबांना धरून, छतावरून लोंबणाऱ्या तंतूंसारखे, खाली वाढत जातात असे हाफकिन यांना आढळले. स्वयंपाकघरातील तूप शास्त्राच्या कामी आले! वाढलेले जंतू उष्णतेने मारले म्हणजे लस तयार होई. रोग पसरविण्याचे बळ तिच्यात उरत नसे. पण शरीराला रोगाशी लढण्याची तालीम देण्याचे बळ मात्र राही. हे काम जिवावर बेतणारे होते. नळीतून निसटलेला एक थेंबही पुरे. त्या ताणाने एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि दोघे काम सोडून गेले. हाफकिन दिवसाचे बारा-चौदा तास काम करीत राहिले आणि तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि नंतर इतरांना द्यावयाची त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेने. ताप चढला. तरीही कामात खंड पडू न देता त्यांनी आपल्याच शरीराची लक्षणे नोंदवून ठेवली. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी ज्यांची इच्छा होती त्यांना लस देण्यात आली. सर्वांची राहणी एक, अन्न एक, कोठड्याही त्याच. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि कोणीही मेले नाही. पुढल्या वर्षी बडोद्याजवळील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील अर्ध्या माणसांना लस टोचली गेली. टोचलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू झाले, न टोचलेल्या ६४ जणांत २६. लशीने रोग सर्वस्वी टळत नाही, हे याच आकड्यांवरून दिसते. हाफकिन यांनी ते लपविले नाही.

लोकांचा संशय हळूहळू ओसरू लागला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः टोचून घेतले आणि आपला एक बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ही प्रयोगशाळा कायमची गेली. या वास्तूला एक इतिहास आहे. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर येथे राहत. परंतु एका गव्हर्नराची पत्नी येथेच पटकीने वारली आणि पुढे गव्हर्नरांनी मलबार हिलचा आश्रय घेतला. दूषित पाणी चाळ आणि राजवाडा असा भेद करीत नाही. आता त्या दालनांतून हजारो बाटल्या भरल्या जाऊ लागल्या आणि भोवतालच्या गिरण्यांतील कामगार लस घेण्यास येऊ लागले. कराचीत सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये केलेल्या प्रयोगांनी उंदरांच्या अंगावरील पिसवांकडे बोट दाखविले, आणि पुढे परळ येथील शास्त्रज्ञांनी त्या गोष्टीची खात्री पटविली. मेलेल्या उंदराचे अंग थंड झाले म्हणजे पिसवा त्यास सोडून माणसाकडे वळतात. गावकऱ्यांना जे कोडे होते ते असे उलगडले. दाटीची घरे पाडून रुंद रस्ते करण्यासाठी मुंबईत १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टही स्थापन झाला. तथापि घरे पाडणे सोपे असते. पाडलेल्या घरांतील गरिबांना नवी घरे देणे तितके सोपे ठरले नाही आणि पुष्कळांनी शेजारच्या चाळींतच अधिक दाटी केली.

कीर्ती अशी वाढत असता हाफकिन यांच्यावर मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशी बसली. हाफकिन यांनी लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून तिच्या कृतीत थोडा बदल केला होता व कार्बॉलिक आम्ल वगळले होते. त्यावरून दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असा निष्कर्ष काढण्यात आला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. ते वैद्यकाची पदवी नसलेले, परदेशी आणि ज्यू होते. त्यांच्या बाजूने बोलण्यास त्या वेळच्या अधिकाऱ्यांपैकी फारसे कोणी उत्सुक नव्हते.

त्यांनी कोणावर आगपाखड केली नाही. लंडनला जाऊन ते कागदपत्रे जुळवीत बसले. त्या कागदांत एक बारीक गोष्ट होती. मुल्कोवाल येथे बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. चिमटा ज्योतीवर धरून शुद्ध करावयास हवा होता. तो केवळ औषधी पाण्यात बुचकळून घेण्यात आला. शिवाय परळला त्याच वेळी भरलेल्या इतर बाटल्यांपासून कोणासही अपाय झाला नव्हता. दोष मुंबईत शिरला असता तर हे कसे घडले असते? हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे सर रोनाल्ड रॉस हे त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैत रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून या अन्यायाकडे लक्ष वेधले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे गेली होती.

ते हिंदुस्थानात परतले खरे, पण परळची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्यास नेमणूक झाली आणि माणसांवर नव्या लशींचे प्रयोग करण्याची मोकळीक राहिली नाही. ज्याने आपल्या देहावर दोन लशी पारखल्या होत्या त्याला हे किती जाचले असेल! सेवानिवृत्त होऊन ते युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. वाचन, व्हायोलिन आणि धर्मबांधवांची सेवा यांत त्यांचे उत्तरायुष्य गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

तत्पूर्वी १९२५ मध्ये परळच्या संस्थेस हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. नामकरणाची वार्ता हाफकिन यांना कळविण्यात आली, तेव्हा त्यांचे उत्तर आले. परळवर झालेल्या अन्यायाचा त्यात उल्लेख नव्हता. आपल्या आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे मुंबईतील कामात गेली, एवढे लिहून त्यांनी तेथे काम करणाऱ्यांना आपल्या शुभेच्छा कळविल्या होत्या.